नीडरबाखची सहल

आठवडाभराच्या पावसानंतर त्या दिवशी ऊन पडलं, आणि नूरा अंबिकाला म्हणाली, "चल, तुला गाव दाखवते. आल्यापासून तू घराबाहेर पडलीच नाहीस."

अंबिकाला नवल वाटलं. दोह्यातल्या नूराच्या घरात ती तीन वर्षं नर्स म्हणून होती, पण मॅडमने तिला नुसतं फिरायला असं कधी नेलं नव्हतं. नूरा वाईट नव्हती. आवाज चढवायची नाही, ईदला कपडे द्यायची, जेवलीस का विचारायची. पण नर्स ती नर्स. अंबिकाने घाईघाईने केस विंचरले, स्वेटर चढवला आणि मामांना औषध देऊन ती निघाली.

मामा म्हणजे नूराची आई, हिसा. घरातली सगळी नोकरमाणसं त्यांना मामाच म्हणत. वसंतात त्या न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. जर्मनीत ऑपरेशन झालं, आणि पुढचे दीड-दोन महिने हॉस्पिटलच्या जवळपासच राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून मोझेल नदीच्या काठावरच्या नीडरबाख नावाच्या जुन्या गावात घर भाड्याने घेतलं होतं. घर द्राक्षवाल्याचं. खाली तळघरात वाइनची पिंपं, वर मामांचं बिऱ्हाड. तळघराचं दार कायम बंद ठेवायचं, असं मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं, आणि वास वर येऊ नये म्हणून दिवसभर ऊद जाळायला लावला.

अंबिकाला त्या वासाचं काही वाटत नव्हतं. ती दिंडोरीची. तिच्या माहेरी द्राक्षाची बाग होती. उतरवलेल्या मालाचा आंबूस वास तिने लहानपणापासून घेतलेला. इथले वेल मात्र तिने पाहिलेल्या वेलांसारखे नव्हते. मांडव नाही, तारा नाही. सरळ उभ्या डोंगराच्या काळ्या पाटीच्या दगडात एकेक खुंट रोवलेला आणि त्याला एकेक वेल बांधलेला. जुलै संपत आला तरी मणी मिरीएवढेच. रात्री रजई लागायची, सकाळी नदीवर धुकं असायचं.

हे सगळं ती शहाजीला व्हिडिओ कॉलवर दाखवायची. शहाजी तिचा नवरा. तोही दोह्यातच होता, एका स्टेडियमच्या साइटवर परांची बांधायच्या कामावर. वर्ल्ड कपसाठी शहरभर खोदकाम चाललेलं, माणसं हवीच होती; अंबिकानेच एजंटाकडे खटपट करून त्याला बोलावून घेतलं होतं. आसू, त्यांची मुलगी, सिन्नरजवळच्या गावी सासूबाईंकडे. दोघं एका शहरात असली तरी एका छपराखाली नव्हती. ती मामांच्या बंगल्यात, तो बरवा अल बराहा या कामगारवस्तीत, आठ जणांच्या खोलीत. शुक्रवारी दुपारी नजमा भागातल्या एका कॅफेटेरियात दोघं भेटायची, चहा-पराठा घेऊन जितका वेळ मालक बसू देईल तितका वेळ बसायची. तेवढाच संसार.

"मला थंडी दाखव," शहाजी म्हणायचा.

"थंडी कशी दाखवू?"

"दाखव की. काचेवर वाफ सोड."

ती खिडकीच्या काचेवर फुंकर घालायची, बोटाने आसूचं नाव लिहायची. तो डोक्यावर ओला टॉवेल घेऊन हसायचा. मागे कुणीतरी ओरडायचं, "शहाजीभाऊ, तेवढा एसी तिकडूनच पाठवा की!"

शेवटच्या कॉलला मात्र तो हसला नव्हता. पायात गोळे येतात म्हणाला. दुपारी दोनदा उलटी झाली.

"दुपारी काम बंद असतं ना तुमचं?"

"बंद असतं. पण तीनला परत चढायचं तर पाइप हाताला चिकटतो. दिवसभर तापलेला असतो."

"अहो, उद्या चढू नका. क्लिनिकला जा. गोळे, उलट्या, हे साधं नाही. मी काय सांगते ऐका. लघवीचा रंग कसा आहे?"

"अगं, हळू बोल, सगळे ऐकतायत," शहाजी म्हणाला. "जातो उद्या. तू झोप."

दुसऱ्या दिवशी घरातलं इंटरनेट बंद पडलं. वादळात लाइन तुटली, माणूस येईल, असं नूराने सांगितलं. अंबिकाच्या फोनमध्ये जर्मनीचं कार्ड नव्हतं. त्यातच मामांच्या जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप चढला. अंबिका दिवसरात्र त्यांच्या उशाशी. ताप उतरला तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला. आणि दुसऱ्याच सकाळी ऊन पडलं.

गाव एवढंसंच होतं, पण फार जुनं. वेशीच्या कमानीतून आत गेलं की दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची, पुढे झुकलेली घरं, आणि दारांवर कोरलेली सालं. पंधराशे ऐंशी, सोळाशे चार. नूरा ती वाचून दाखवत होती. नदीकडच्या एका घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे वर्ष. सगळ्यांत वरची रेघ अंबिकाच्या डोक्याच्याही वर होती. एका जुन्या कोठारात द्राक्षं पिळायचा भला मोठा लाकडी घाणा ठेवला होता. त्याचं खोड दोघी मिळून कवेत घेतलं तरी मावलं नसतं. अंबिकाने त्याच्यावर हात फिरवला.

"तुमच्याकडे असं आहे?" नूराने विचारलं. दोघी इंग्रजीत बोलत, मधेमधे अरबी.

"नाही मॅडम. आम्ही खायची द्राक्षं लावतो. पेट्यांत भरून पाठवतो."

पुढच्या दुकानात नूराने तिच्यासाठी लोकरीची शाल घेतली. करडी, जाड. अंबिका नको नको म्हणत होती, पण नूराने स्वतःच्या हाताने ती तिच्या खांद्यांवर टाकली आणि क्षणभर हात तसेच ठेवले. मग चर्चसमोरच्या बाकावर दोघी बसल्या.

"तुझं लग्न कसं ठरलं?" नूरा म्हणाली.

अंबिकाला हसू आलं. असलं काही आजवर या घरात तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ते बघायला आले होते. आईने पोहे केले, चिवडा, लाडू. ह्यांनी एका घासाला हात लावला नाही. नुसते खाली मान घालून बसलेले. माझे वडील म्हणाले, पोरगा ताठ आहे, नको. मग त्यांचा भाऊ हर्षल परत आला सांगायला, की ह्यांची त्याच सकाळी दाढ काढली होती. रक्त थांबत नव्हतं, तोंडात कापूस होता. आम्हाला तारीख दिली होती म्हणून तसेच आले."

नूरा हसली नाही. मान वळवून नदीकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरले होते. मामांच्या काळजीने असेल, असं अंबिकाला वाटलं. तिने हळूच म्हटलं, "मॅडम, मामा बऱ्या होतील. जखम आता चांगली आहे." त्यावर नूराने रुमालात तोंड लपवलं.

पुलाजवळच्या बेकरीत कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक घेऊन दोघी बसल्या, तेवढ्यात नूराला लंडनहून भावाचा फोन आला. ती बोलत बोलत बाहेर पुलावर गेली. अंबिकाने काउंटरवरच्या मुलीला आपला फोन दाखवला आणि खुणेने वायफाय मागितलं. मुलीने हसून कोड टाकून दिला.

फोन एकदम थरथरायला लागला. मेसेजवर मेसेज. नर्सांचे ग्रुप असतील, नंतर बघू, असं म्हणून तिने ते बाजूला सारले. नूरा परत यायच्या आत तिला गल्ली दाखवायची होती. ती उंबऱ्यात उभी राहिली, कॅमेरा घरांकडे वळवला आणि शहाजीला कॉल लावला. उचलला गेला.

"बघा, सोळाशे चार सालचं घर आहे हे," ती म्हणाली. "आणि तिकडे वर बघा, कसे डोंगरावर वेल चढवलेत..."

पलीकडून आवाज आला नाही. तिने स्क्रीनकडे पाहिलं. शहाजी नव्हता. त्याच्या खोलीतला मुनाफ होता, परभणीकडचा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मुनाफभाऊ? हे कुठायत?"

"वैनी," मुनाफ म्हणाला. "वैनी, तुमाला कुनी सांगितलं न्हाई का?"

"काय सांगायचं?"

"मी उस्मानला फोन केला व्हता. तुमच्या डायवरला. त्यानं त्याच घडीला मॅडमला कळवलं म्हनला. मला वाटलं तुमी निघाल्या असाल." त्याचा आवाज फुटला. "शहाजीभाऊ गेले, वैनी. दुपारच्याला येऊन पडले खोलीत. अडीचच्या बसला उठवाया गेलो तर उठलेच न्हाईत."

"कधी?"

"मंगळवारी."

त्या दिवशी शुक्रवार होता. अंबिका उंबऱ्यातच खाली बसली. काउंटरवरची मुलगी धावत आली, पाण्याचा ग्लास पुढे करून काहीतरी जर्मनमध्ये बोलू लागली. फोनमधून मुनाफ "वैनी, वैनी" करत होता. अंबिकाला रडू येत नव्हतं. मंगळवारी आपण काय करत होतो, तेवढंच ती आठवत होती. मंगळवारी मामांचा ताप एकशे तीनवर होता. ती त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती.

नूरा पुलावरून परतली आणि दारात थांबली. अंबिकाचा चेहरा पाहून तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," अंबिका म्हणाली.

"मी आज सांगणार होते. देवाशप्पथ, आजच सांगणार होते. म्हणून तुला बाहेर आणलं. बाकावर बसले तेव्हा..."

"इंटरनेट?"

"मीच बंद केलं," नूरा म्हणाली. "मामा जळत होती तापाने. दुसरी नर्स मिळत नव्हती. तू गेली असतीस तर मी एकटी काय केलं असतं? तो तर गेलेलाच होता, अंबिका. माझी आई जिवंत होती."

अंबिका उठली. खांद्यावरची शाल काढून तिने खुर्चीवर ठेवली आणि घराकडे चालू लागली. नूरा मागून येत होती. वेशीपाशी अंबिका थांबली.

"मला माझा पासपोर्ट द्या. इथून सरळ मुंबईला जाते."

"भावाशी त्याबद्दलच बोलत होते. तो म्हणतो, तुला त्याच्या हमीवर इथे आणलंय, परत दोह्यातच न्यायला हवं. तिथून तुला पाठवतो म्हणाला. इन्शाल्ला, उद्याच."

घरी मामा पलंगावर बसून होत्या. ड्रेसिंगची वेळ झाली होती. अंबिकाने हात धुतले, हातमोजे घातले, पट्टी सोडली. जखम कोरडी होती. ती साफ करताना तिच्या डोळ्यांतलं पाणी पहिल्यांदा वाहायला लागलं आणि थांबेना. हातमोज्यामुळे पुसताही येईना. मामांनी तिची हनुवटी धरून वर केली.

"काय झालं?"

"माझा नवरा मेला, मामा. मंगळवारी."

मामांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. नूराने मान खाली घातली. तेवढ्यावरून म्हातारीला सगळं समजलं. त्या अरबीत इतक्या जोराने ओरडल्या, की खालच्या अंगणातून घरमालक वर पाहू लागला. अंबिकाला त्यातलं थोडंच कळलं. "माझ्या नावावर," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "हे तू माझ्या नावावर केलंस!"

दुसऱ्या दिवशी अंबिका दोह्याला पोचली. विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच गरम हवेचा लोट तोंडावर आला. उस्मान, घरचा ड्रायव्हर, गाडी घेऊन उभा होता. पेशावरकडचा वयस्क माणूस. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली आणि हिंदीत एवढंच म्हणाला, "बेटी, पहले उधर चलते हैं."

शवागारात तिला शहाजी पाहायला मिळाला. ओठ फुटलेले होते, कोरड्या ढेकळासारखे. तिने नर्सच्या नजरेने पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर तशीच गेली. तळहातांवर भाजल्याच्या जुन्या-नव्या खुणा. तिने त्याचा हात धरून ठेवला. तिथला माणूस येऊन "यल्ला, सिस्टर, चला," म्हणाला तेव्हाच सोडला. मृत्यूचं कारण नैसर्गिक, हृदयक्रिया बंद, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. वय चौतीस. ती म्हणाली, मला डॉक्टरशी बोलायचंय. तो म्हणाला, खलास, सगळं पूर्ण झालंय, आजच्या विमानाने बॉडी जातेय.

ती त्याच विमानाने जाऊ शकली नाही. देश सोडायला कफीलची, म्हणजे मालकाची परवानगी लागायची, आणि तिचा कफील म्हणजे लंडनमधला नूराचा भाऊ. आईसाठी दुसरी नर्स जर्मनीत पोचली की परवानगी देतो, असा त्याने निरोप पाठवला. उस्मानने त्याला स्वतः फोन केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हात जोडल्यासारखं बोलला. उपयोग झाला नाही.

रिकाम्या बंगल्यात ती मागच्या खोलीत बसून राहिली. हर्षलचा, दिराचा, गावाहून फोन आला.

"वहिनी, पेटी आलीय मुंबईला. तुम्ही कधी येताय?"

"सही होत नाही, भाऊजी. थांबाल का?"

"किती थांबायचं? आधीच किती दिवस झालेत. गाडीवाला म्हणतोय, बर्फ टिकणार नाही." त्याने आवाज खाली आणला. "आई आसूला पाहू देत नाहीये. काय करू, तुम्हीच सांगा."

"पाहू देऊ नका," अंबिका म्हणाली. "उरकून घ्या."

शेवटी परवानगी मिळवून दिली ती मामांनी. तिकडून त्यांनी मुलाला फोन केला, आणि या पोरीला सोडत नाहीस तोवर मी औषध घेणार नाही, व्यायाम करणार नाही, असं सांगून तोंड मिटून बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सही झाली. उस्मानने अंबिकाला विमानतळावर सोडलं.

ती गावी पोचली तेव्हा राखही सावडून झाली होती. आसू तिला बिलगली नाही. शेजारणीच्या मागे उभी राहून बघत राहिली. तीन वर्षांत तिने आईला फोनच्या काचेतच जास्त पाहिलं होतं. बायडाबाई, सासू, भिंतीला टेकून बसली होती. अंबिका तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा ती म्हणाली, "म्या त्याला जाऊ नगं म्हनलं व्हतं. तूच बोलावलंस." यापलीकडे ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे कितीतरी आठवडे नाही. अंबिकाने चूल हातात घेतली, आसूची वेणी घालू लागली, आणि सिन्नरच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. नूराचे दोन-तीन मेसेज आले. ते तिने उघडले नाहीत. मामा आता काठी घेऊन चालतात, हे मात्र उस्मानने कळवलं, तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

थंडी पडायच्या सुमाराला मुनाफ सुट्टीवर आला आणि परभणीला जायच्या आधी वाट वाकडी करून सिन्नरला उतरला. शहाजीची बॅग आणली होती. तीन शर्ट, दाढीचं सामान, आसूसाठी घेतलेली प्लॅस्टिकची पंखवाली बाहुली. बायडाबाईने त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि पदर तोंडाला लावून समोर बसली.

अंबिकाने एवढे महिने मनात धरलेला प्रश्न विचारला. "ते क्लिनिकला गेले होते का? मी सांगितलं होतं."

मुनाफने घास खाली ठेवला.

"गेलते वैनी. सकाळी कामावर जायच्या आधीच गेलते. लाइन मोठी व्हती. दोन गोळ्या दिल्या डोकं दुखायच्या, आन् कामाला चालंल म्हनून लिवून दिलं. मग काय, बसमधी बसले. मी म्हनलं, ऱ्हावा आज. तर म्हनले, लिवून दिलंय ना, मग फोरमन कसा सोडंल?"

म्हणजे त्याने ऐकलं होतं. तिने सांगितलं तसं सगळं केलं होतं. अंबिका उठून मागच्या दाराशी गेली, मग परत येऊन मुनाफला भाकरी वाढली.

"तुम्ही परत जाऊ नका, मुनाफभाऊ."

"न्हाई कसं? दोन वर्सं ऱ्हायलीत अजून." तो ओशाळून हसला. "आता थंडीचं बरं असतंय तिथं. उन्हाळ्याला मग बघू."

बायडाबाईने विचारलं, "ते बांधून झालं का? तो बांधत व्हता ते?"

"न्हाई, मावशी. वरचं छप्पर ऱ्हायलंय."

बायडाबाईने त्याचं ताट उचललं. एसटीची वेळ झाली तशी अंबिका त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेली. आसू पंखवाली बाहुली घेऊन मागे मागे आली. गाडी उशिरा आली, आणि ती येईपर्यंत तिघंही रस्त्याच्या कडेला उभी होती.